दुर्लक्षित कासव दत्तक घेतलंय? आधी ऊब, मग पाणी आणि प्रकाश, खाणं सगळ्यात शेवटी

ठाण्यात आणि नवी मुंबईत फ्लॅटमधून दत्तक दिली जाणारी कासवं बहुतेक एकाच जातीची असतात : डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, पाण्यात राहणारं रेड-इअर्ड स्लायडर. दुकानातून आणलं तेव्हा ते रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडंसंच मोठं असतं. आधी काचेचा वाडगा, मग बादली, मग गॅलरीतला टब असा त्याचा प्रवास होतो. खायला डब्यातली वाळलेली कोळंबी, नाहीतर भात आणि पाव. अशा कासवात काय काय बिघडतं हे जवळजवळ ठरलेलं असतं आणि त्यातलं बरंचसं सुधारताही येतं, पण कामांचा क्रम पाळला तरच. उपाशी दिसणारं जनावर घरी आलं की पहिल्यांदा त्याच्यापुढे खाणं ठेवावंसं वाटतं. घात होतो तो इथेच.

कासवाच्या शरीराला स्वतःची ऊब नसते. पाणी थंड असेल तर पोटातलं अन्न पचत नाही, ते आत कुजतं. शरीरात पाणी कमी असताना मासे-कोळंबीसारखं प्रथिनांचं खाणं दिलं तर मूत्रपिंडांवर ताण येतो आणि युरिक अ‍ॅसिड साचतं. बरेच दिवस उपाशी असलेल्या कासवाला एकदम पोटभर दिलं तर रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस झपाट्याने उतरतं आणि ते दगावूही शकतं. म्हणून पहिले दोन दिवस खाणं नाही. मोठं कासव दोन दिवसांत उपासाने मरत नाही.

आणण्याआधी जात ओळखा

हा मजकूर फक्त स्लायडरसाठी आहे. घुमटासारखी पाठ, तिच्यावर पिवळ्या रेषांच्या चांदण्या आणि हत्तीसारखे जाड पाय दिसले तर ते तारा कासव. घरात ठेवलं की भरभराट होते या समजुतीने ते विकलं जातं. पाठ मऊ, चामड्यासारखी असेल आणि पोटाखाली पाय झाकणाऱ्या झडपा असतील तर ते आपल्या तळ्यांतलं देशी कासव. ही दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती पाळता येत नाहीत, दत्तकही घेता येत नाहीत. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करून ती ताब्यात द्यायची. सुल्काटा हे मोठं परदेशी जमिनीवरचं कासव असेल तर २०२४च्या नियमांनुसार त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. देणाऱ्याकडून कागद घेतल्याशिवाय ते आणू नका. जमिनीवरच्या कुठल्याही कासवाला खोल पाण्यात सोडू नका. त्याला पोहता येत नाही, ते बुडतं.

सांभाळणं झेपत नाही असं पुढे वाटलं तरी स्लायडर मासुंदा, उपवन किंवा नेरूळच्या तलावात सोडायचं नाही. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. देशी कासवांची ऊन खाण्याची जागा आणि खाणं ते बळकावतं, रोगही पसरवतं. स्लायडरची मादी तीस सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि स्लायडर नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं जगतं. हो म्हणण्याआधी घरातल्या सगळ्यांना हे माहीत असू द्या.

घरी आणताना

पाण्याच्या बादलीतून आणू नका. रिक्षाच्या हिसक्यांनी कमजोर कासव उलटं होऊन बुडू शकतं. झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा, तळाशी ओलसर टॉवेल, बस्स. काही तास पाण्याबाहेर राहिल्याने स्लायडरला काही होत नाही. गाडीत एसीची झोत थेट डब्यावर येऊ देऊ नका.

देणाऱ्याला चार गोष्टी विचारा : शेवटचं कधी खाल्लं, शेवटची शी कधी केली, आतापर्यंत काय खात होतं आणि कधी अंडी घातली का. डॉक्टरही हेच विचारतील.

पहिल्या संध्याकाळची तपासणी

स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यासारखा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वेगळा काटा घ्या. वजन लिहून ठेवा. पाठीची लांबी सरळ पट्टीने मोजा, टेप वळवून नको. पाठ, पोट, डोकं आणि शेपटीकडची बाजू यांचे भरपूर उजेडात फोटो काढा. कासव इतक्या सावकाश सुधारतं किंवा खालावतं की रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही. कळतो तो फोटोवरून आणि आकड्यांवरून.

मग हळूहळू बघत जा. डोळे सुजून मिटलेले असतील तर बहुतेक वेळा अ जीवनसत्त्वाची कमतरता असते, आणि घाण पाण्याने ती आणखी चिघळते. डोळ्याच्या मागे, जिथे कान असतो तिथे, वाटाण्याएवढी टणक गाठ असेल तर आत घट्ट पू आहे. ती कापूनच काढावी लागते, औषधाने विरघळत नाही. नाकाशी बुडबुडे, तोंड उघडून श्वास किंवा पोहताना एका बाजूला कलणं ही न्यूमोनियाची लक्षणं आहेत. तेव्हा हा मजकूर बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा.

कवचाच्या कडेला आणि पोटाकडच्या बाजूला अंगठ्याने हलकेच दाबून बघा. बोटभरापेक्षा मोठ्या कासवाचं कवच दबता कामा नये. दबलं तर हाडांत कॅल्शियम नाही. अशा कासवाला उचलताना दोन्ही हातांनी खालून आधार द्या. त्याच्या पायाचं हाड साध्या धक्क्यानेही मोडतं.

पाठीवरच्या पापुद्र्यांनी घाबरून जाऊ नका. पातळ, जवळजवळ पारदर्शक आणि खवल्याच्या आकाराचा पापुद्रा सुटत असेल तर ती कात आहे. ओढू मात्र नका. हिरवं शेवाळ हाही रोग नाही. नखाने सहज उकरलं जाणारं पांढरं-पिवळं, वास येणारं खवलं किंवा पोटाच्या कवचावर पसरलेली लाली दिसली, तर ते कवच कुजणं आहे.

एक विनंती : पाठीला खोबरेल तेल, मोहरीचं तेल, हळद काही लावू नका. तेलाचा थर बसला की खालची घाण आत कोंडते आणि ऊनही कवचापर्यंत नीट पोचत नाही. कुणी नेलपॉलिशने किंवा रंगाने पाठ रंगवली असेल तर ॲसिटोन वापरू नका, डॉक्टरांकडून काढून घ्या.

पहिले दोन आठवडे : आजाऱ्याचा टब

मोठी टाकी लगेच भरू नका. अशक्त कासव खोल पाण्यात दमतं. चाळीस-पन्नास लिटरचा, काचेचा नसलेला, उभ्या भिंतींचा टब पुरे. पाणी एवढंच की तळावर उभं राहून मान न ताणता नाक बाहेर येईल, म्हणजे साधारण कवचाच्या उंचीइतकं. एका बाजूला कौलाचा तुकडा उतरता ठेवा, म्हणजे त्याला पूर्ण कोरडं होता येईल. तळाला बारीक खडी नको. कासव ती गिळतं आणि आतडं अडतं. दगड ठेवायचाच तर त्याच्या डोक्यापेक्षा मोठा.

पाणी २७-२८ अंशांवर ठेवा आणि थर्मामीटरनेच मोजा, बोट बुडवून अंदाज नको. मार्च ते ऑक्टोबर आपल्याकडे हीटर क्वचितच लागतो. डिसेंबर-जानेवारीत मात्र रात्रीत पाणी बरंच उतरतं. ‘थंडीत कासव झोपतंच’ म्हणून त्याला तसंच ठेवणारे पुष्कळ आहेत. ठाण्याची थंडी धड शीतनिद्रेइतकी कडक नसते आणि पचन होईल इतकी उबदारही नसते. या अर्धवट गारठ्यातच फुफ्फुसं बिघडतात. पन्नास लिटरला पन्नास वॉटचा हीटर पुरतो. तो आडवा, पूर्ण बुडलेला आणि प्लास्टिकच्या जाळीत हवा, कारण कासव धडका मारून काच फोडतं. हीटरवरच्या किमान पाण्याच्या खुणेखाली पाणी गेलं तरी काच तडकते. वायर प्लगकडे जाताना प्लगपेक्षा खाली लोंबेल अशी ठेवा, म्हणजे थेंब बोर्डात न जाता खाली पडतील. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढा.

फिल्टर नसल्याने पाणी रोज पूर्ण बदलायचं. नळाचं पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवा किंवा मत्स्यालयाच्या दुकानातले क्लोरीन काढणारे थेंब बाटलीवरच्या मापाने घाला. घोडबंदर पट्ट्यात टँकरचं पाणी आलं तर त्यात किती क्लोरीन टाकलंय हे कळत नाही, तेव्हा थेंब वापराच. नवं पाणी जुन्यापेक्षा दोन अंशांहून जास्त गरम-गार नको.

पहिल्या रात्री टब शांत खोलीत ठेवा, निम्मा भाग झाका आणि सारखं उचलून बघू नका.

ऊन आणि यूव्हीबी

मऊ कवचाचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. खाण्यात कॅल्शियम असूनही उपयोग नाही, कारण ते आतड्यातून शोषायला ड-३ जीवनसत्त्व लागतं, आणि ते कासवाच्या कातडीत उन्हातल्या यूव्हीबी (अतिनील) किरणांनी तयार होतं. खिडकीची काच हे किरण अडवते. टाकी स्लायडिंग खिडकीला टेकवून ‘छान ऊन येतं’ म्हणणाऱ्या घरात कासवाला उजेड आणि उष्णता मिळते, यूव्हीबी जवळजवळ शून्य. डासांची जाळीही ते बरंच कमी करते. म्हणून खिडकी आणि जाळी दोन्ही उघडी हवीत.

गॅलरीत ऊन देताना टब प्लास्टिकचा असू द्या. काचेची पेटी उन्हात मिनिटांत तापते. निम्म्या टबावर पुठ्ठा किंवा जाड कापड टाकून सावली करा. उन्हाळ्यात आठ ते साडेनऊच्या मध्ये, हिवाळ्यात दहा ते साडेअकराच्या मध्ये, वीस-तीस मिनिटं पुरतात. अगदी कोवळ्या उन्हात यूव्हीबी फारसं नसतं. तेवढा वेळ तिथेच बसा. कावळे आणि घारी लहान कासव उचलतात, आणि स्लायडर टबाच्या कोपऱ्यात पाय रोवून वर चढतं. विसाव्या मजल्याच्या ग्रिलमधली फट त्याला पुरेशी असते.

जून ते सप्टेंबर ऊन भरवशाचं नसतं, त्यामुळे ट्यूब घ्यावीच लागते. टी-फाइव्ह प्रकारची पाच-सहा टक्के यूव्हीबीची ट्यूब कासवाच्या पाठीपासून पंचवीस ते पस्तीस सेंटिमीटरवर, मध्ये काच किंवा अ‍ॅक्रिलिक न ठेवता लावा. दिवसाला दहा-बारा तास, टायमरवर. डोळ्यांना उजेड तसाच दिसत राहतो तरी यूव्हीबी उतरत जातं, म्हणून ट्यूब वर्षाने बदला, लहान सीएफएलसारखा दिवा असेल तर सहा महिन्यांनी. निळा-जांभळा एलईडी म्हणजे यूव्हीबी नव्हे. जंतू मारायच्या यूव्हीसी दिव्याने तर डोळे भाजतात. दुकानदार ‘यूव्ही’ म्हणाला तरी खोक्यावर यूव्हीबी आणि टक्केवारी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

ट्यूबशेजारी पन्नास वॉटचा साधा हॅलोजन दिवा लावा. कौलावर, कासवाच्या पाठीच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश भरले पाहिजेत. कमी असेल तर दिवा खाली घ्या, जास्त असेल तर वर. एसीच्या बेडरूममध्ये ओलं कासव कौलावर आलं की गारठतं. दुसरी खोली नसेल तर एसीचा झोत तरी वळवा.

खाणं, तिसऱ्या दिवसापासून

पाणी उबदार, दिवा चालू, कासव डोळे उघडून हलतंय, मग सुरुवात. पहिल्यांदा त्याच्या डोक्याच्या निम्म्या आकाराएवढं खाणं, पाण्यातच. स्लायडरला कोरड्यावर गिळता येत नाही. शी झाली की तिथून पुढे आठवडाभरात हळूहळू डोक्याच्या आकाराएवढ्या मापावर या. पाऊण तासात न खाल्लेलं काढून टाका.

पाया म्हणून चांगल्या कंपनीच्या कासवासाठीच्या गोळ्या घ्या. डब्यातली वाळलेली कोळंबी हे खाणं नव्हे, कधीतरीचा खाऊ. बाजारातला जवळा-सुकट मिठाचा असतो, तो तर नकोच. दहा सेंटिमीटरपेक्षा लहान पिल्लाला रोज गोळ्या, मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा गोळ्या आणि रोज पाला. पाल्यात शेवग्याची कोवळी पानं उत्तम, त्यांत कॅल्शियम भरपूर. जास्वंदीची पानं-फुलं, कोथिंबीर, थोडी मेथी चालते. पालक आणि लाल माठ यांतलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून मऊ कवचाच्या कासवाला ते देऊ नका. अ जीवनसत्त्वासाठी लाल भोपळा आणि गाजर किसून द्या. कीटकनाशक न मारलेल्या मातीतलं गांडूळ आठवड्यातून एखादं. भात, पोळी, पाव, दूध, पनीर पूर्ण बंद. तलावातली जलपर्णी आणू नका, तिच्यात गटाराच्या पाण्याचे धातू साचलेले असतात.

कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस, म्हणजे माकुळाचं पांढरं हाड, घ्या. त्याच्या पाठीचा कडक, काचेसारखा थर सुरीने खरवडून काढा आणि मऊ पांढरा भाग पाण्यात तरंगू द्या. कासव हवा तेव्हा कुरतडतं, आणि वाढलेली चोचही त्याने झिजते.

पाला बघून ते तोंड फिरवेल. वर्षानुवर्षं कोळंबी खाल्लेलं कासव दोन-तीन आठवडे असं करतं. पाल्याचे बारीक तुकडे भिजवलेल्या गोळीत कालवा आणि पाल्याचं प्रमाण वाढवत न्या. पाणी आणि दिवा बरोबर असूनही आठवडाभर काहीच खाल्लं नाही, तर डॉक्टरांना दाखवा. जबरदस्तीने तोंड उघडू नका, मऊ जबडा मोडतो.

कवच कुजलं असेल तर

अशा कासवाला दिवसाचा बहुतेक वेळ कोरडं ठेवायचं. २८-३० अंशांच्या कोरड्या टबात स्वच्छ टॉवेलवर, यूव्हीबी चालू. सकाळ-संध्याकाळ तासभर कोमट उथळ पाण्यात, तेव्हाच पाणी पिणं, खाणं आणि शी. पाण्यातून काढल्यावर मऊ टूथब्रशने वरची घाण काढा. बीटाडीन पाण्यात फिक्क्या चहाच्या रंगाइतकं पातळ करा, कापसाने लावा, दहा मिनिटांनी धुऊन अंग टिपा. तीन-चार दिवसांत वास कमी व्हायला हवा. खड्डा खोल असेल, रक्त दिसत असेल किंवा पोटाकडची लाली पसरत असेल तर विष रक्तात गेलंय, घरचे उपाय थांबवा आणि डॉक्टर गाठा.

डॉक्टर आणि औषधं

लक्षणं नसली तरी पहिल्या दोन आठवड्यांत एकदा दाखवा आणि ताज्या शीचा नमुना जंतांसाठी न्या. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला कासवांची सवय नसते. फोनवरच विचारा : सरपटणारे प्राणी बघता का, कासवाचा एक्स-रे काढता का. ठाण्याहून लोकलने परळ लांब नाही. तिथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विचारून बघा.

एक गोष्ट फ्रीजवर लिहून लावण्यासारखी आहे : आयव्हरमेक्टिन कासवाला कधीच द्यायचं नाही. कुत्र्यांच्या गोचिडांवर आणि जंतांवर ते सर्रास दिलं जातं, कासव त्याने लुळं पडून मरतं. डॉक्टरांना स्वतःहून आठवण द्या, त्यात संकोच नको. डोळे सुजलेत म्हणून माणसांच्या अ जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल फोडून पाजू नका, जास्त झालं तर कातडी सोलून निघते. डॉक्टरांकडे जाईपर्यंत डोळे निर्जंतुक सलाइनने दिवसातून दोनदा धुवा, एवढंच.

कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुवा. त्याच्या आतड्यात साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जंतू असतो आणि त्याला स्वतःला त्याचा त्रास होत नाही. याच कारणाने अमेरिकेत १९७५पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला बंदी आहे. टबाचं पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतू नका, आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात कासव देऊ नका.

कायमची टाकी

वजन दोन-तीन आठवडे स्थिर राहिलं किंवा वाढलं आणि पोहणं सरळ झालं की मोठी टाकी. पाठीच्या दर सेंटिमीटरला पंधरा लिटर धरा, म्हणजे वीस सेंटिमीटरच्या कासवाला तीनशे लिटर. खोली कवचाच्या लांबीच्या दीडपट तरी. एवढी काचेची टाकी महाग पडते. आपल्या घरांत लॉफ्टवर असते तशी चौकोनी प्लास्टिकची टाकी घेऊन प्लंबरकडून वरचा भाग कापून घ्या आणि कड पॉलिश पेपरने घासा, उत्तम चालते. भरल्यावर वजन तीनशे किलोंच्या वर जातं. ती गॅलरीच्या बाहेर काढलेल्या भागात नको, बीमवर, भिंतीलगत ठेवा. फिल्टर टाकीच्या दुप्पट-तिप्पट लिटरसाठीचा घ्या, कारण त्यावरचा आकडा माशांच्या हिशेबाचा असतो. दर आठवड्याला पाव ते तृतीयांश पाणी बदला. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला.

वजन पहिल्या तीन महिन्यांत दर आठवड्याला, नंतर महिन्याला. मऊ कवच टणक व्हायला काही महिने लागतात. वाकडं वाढलेलं कवच सरळ होत नाही, पण त्याने आयुष्य कमी होतंच असं नाही.

मादी असेल तर आणखी एक गोष्ट. नराची पुढची नखं लांब आणि शेपूट जाड असते, मादीची नखं आखूड. मादी नराशिवायही अंडी धरते. ती खाणं सोडून टाकीच्या भिंतीवर सतत चढू लागली आणि मागच्या पायांनी उकरू लागली, की तिला जागा हवी असते. तिच्या दुप्पट लांबीचा खोका घ्या, त्यात वीस-पंचवीस सेंटिमीटर ओलसर माती-वाळू भरा, आणि रोज काही तास एकटं सोडा. जिच्या अंगात कॅल्शियम कमी आहे तिची अंडी आत अडकतात. चार-पाच दिवस तळमळ चालू राहिली किंवा ती सुस्तावली तर एक्स-रे काढून घ्या. कॅल्शियमचं आणि अंडी बाहेर काढायचं इंजेक्शन डॉक्टरच देतील. पोट दाबून अंडी काढायला जाऊ नका, आत फुटलेल्या अंड्याने पोटात जंतुसंसर्ग होतो.